खिडकीकडचा कान

१२ फेब्रुवारी

आज विभागात एक कान आला. म्हणजे कान नसलेली बाई आली. आमच्याकडे कृत्रिम अवयव घडवणाऱ्यांच्या बोलण्यात माणूस येत नाही. नाक येते, कान येतो, बोट येते. ही सवय मला पसंत नाही. ती मीच लावलेली आहे, असे ताईचे म्हणणे. ताई घरात बसून माझ्या विभागाबद्दल पुष्कळ बोलते.

बाई शहरातली बस चालवते. कानावर गाठ झाली आणि शस्त्रक्रियेत उजव्या कानाचा बाहेरचा सगळा भाग मुळापासून गेला. आतले शाबूत आहे, ऐकू नीट येते. वय चाळिशीच्या आसपास. ती पलीकडची आहे. हा शब्द मी तुच्छतेने लिहीत नाही. त्यांच्या आज्या-पणज्या समुद्रापलीकडून इथे कामाला आल्या, म्हणून सारे शहर त्यांना 'पलीकडचे' म्हणते. वर्ण काळा, केस दाट कुरळे, आवाज मोठा.

दिलेल्या वेळेहून तासभर उशिरा उगवली. या मंडळींना वेळेचे भान नसते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. एकदा येतात, अवयव घेऊन जातात, पुन्हा डागडुजीला फिरकत नाहीत. नीटनेटकेपणाची गोडी शिक्षणातूनच येते. मी उशिराबद्दल बोलले, तर म्हणाली, "मी कधीची आलेय, डॉक्टरीणबाई. तुमच्या दारांना विचारा."

उद्धट उत्तर. दारांना काय विचारायचे?

तिची अडचण मात्र खरी आहे. वाहतूक कंपनीचा नियम असा, की गणवेशावर डोक्याला काही गुंडाळायचे नाही. रुमाल सोडून बसली तर प्रवासी तक्रार करतात. एप्रिलअखेर तपासणी आहे, तोवर रुमालाची सवलत. त्यानंतर कान नसेल तर डेपोत गाड्या धुवायच्या.

"धुण्याची लाज नाही मला," ती म्हणाली. "पण मी चकाचक करायची आणि दुसऱ्यानं चालवत न्यायची, हे काही बघवणार नाही."

मी तिला सांगितले, "असा कान करीन की तुमच्या आईलासुद्धा कळणार नाही."

"आईचं सोडा. ती टीव्हीवरून नजर काढत नाही."

१५ फेब्रुवारी

साचा घेतला. डाव्या कानाचा ठसा काढून त्याची आरशातली प्रतिमा मेणात कोरायची, ही आमची रीत. जोडीचा अवयव हेच प्रमाण. हे वाक्य मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून घोकून घेतले आहे.

ठसा घेताना माणसाने तोंड मिटून बसायचे असते. ही बाई बसली नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक सिग्नलचा स्वभाव तिने मला सांगितला. दवाखान्यासमोरचा म्हणे रुसका आहे. ठसा दोनदा घ्यावा लागला.

५ मार्च

पहिला कान तयार झाला. आकाराविषयी मी एवढेच लिहीन, की कानाच्या कडेची ती घडी अशी उतरायला दैव लागते आणि हातही लागतो. रंगासाठी आमच्या पट्ट्यांतली 'गडद' घेतली.

तिने कान लावला, आरशात पाहिले, आणि हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"सरकारी कान," ती म्हणाली.

मी खुलासा मागितला. त्यांच्या गल्लीत म्हणे आमच्या विभागाचे बरेच अवयव आहेत. तिच्या मावशीचा कान, चुलत्याचे बोट. "मावशी कोळशासारखी, चुलता गुळासारखा. पण कान आणि बोट बघाल तर जुळी भावंडं. ओल्या सिमेंटचा रंग. पेटीत पडलेत. पोरं कधीमधी काढून एकमेकांना घाबरवतात."

"मग कुणी तक्रार का केली नाही?"

"मावशीनं केली होती की. तुम्ही म्हणालात, हळूहळू सवय होईल."

मला असे काही आठवत नाही. रोज इतकी माणसे येतात. आणि सवय खरोखरच होते. तसे अनुभव आहेत.

६ मार्च

आज दार लावून पट्ट्यांचा खण उपसला. साय, गहू, मध, केवडा, फिकट गुलाब, पिकली काडी. गोऱ्या आणि गव्हाळ वर्णाच्या तेवीस छटा, आणि एकीला दुसरीपासून ओळखणारा डोळा तयार व्हायला विद्यार्थ्याला वर्ष लागते. चोविसावी पट्टी 'गडद'.

पट्ट्या माझ्याच हातच्या आहेत. विद्यार्थी आणि सहकारी यांच्या मनगटांवरून, उत्तरेच्या खिडकीतल्या उजेडात, एकेक पारखून केलेल्या. पद्धतीत दोष नव्हता. जे विभागात होते त्यांच्यावरून केल्या. पलीकडचे कुणी विभागात नव्हते. आजही नाही. अर्ज येत नसावेत.

ताईला चहा पिताना हे सांगितले. ती म्हणाली, "तुझ्याकडे पांढऱ्याला तेवीस नावं आणि काळ्याला एक. बर्फाळ मुलखात राहतेस होय गं?"

ताईला शास्त्र कळत नाही.

१० मार्च

रविवार असूनही काम केले. रंगांची पेटी घेऊन बसचालक बाईच्या घरी गेले. तिनेच बोलावले होते: "माझ्या एका कानासाठी कशाला जीव काढता? सगळे घरी असतात, सगळ्यांनाच रंगवा."

घर दोन खोल्यांचे, जिन्याखालच्या कोनाड्यात सायकली. माझ्यासाठी शेजारून पाठीची खुर्ची आणली आणि ती आणल्याचे सर्वांना सांगितले. आईने टीव्हीचा आवाज कमी केला. हा मोठा मान असल्याचे मला नंतर कळले.

मी सिलिकॉनचे थेंब गालाशी धरून रंग मिसळत होते आणि माणसे रांग लावून येत होती. वर्णाला काळा म्हणून मोकळे होणाऱ्यांनी त्या खोलीत एक दुपार बसावे. एकीच्या गालात तांबूस ऊब, दुसरीच्या कपाळावर जांभळी झाक, चुलत्याच्या मनगटावर उकळत्या गुळाचा पिवळा. माझ्या पेटीतला लाल संपला. मला वाटले होते काळा संपेल. तो जेमतेम उघडावा लागला.

छटांना नावे द्यायची तर माझ्यापाशी शब्द नव्हते. मी विचारले, आणि भांडण जुंपले.

"हिच्या रंगाला लिहा, जळकं भांडं," थोरली जाऊ म्हणाली.

"आणि हिच्याला लिहा, जळणारी जाऊ," बसचालक बाई म्हणाली.

शेवटी मी 'थोरल्या जावेची हनुवटी', 'मावशीचा गाल', 'चुलत्याचे मनगट' असेच लिहून घेतले. तात्पुरते.

मावशी शेवटी आली. तिने पेटीतून जुना कान काढला आणि माझ्या हातावर ठेवला. घडण निःसंशय माझी. तिच्या गालाशी धरून पाहिला. मी तो परत पेटीत ठेवू लागले, तर ती म्हणाली, "राहू दे बाई तुझ्याकडेच. पोरांना दुसरं खेळणं आणीन."

'अगंतुगं' मला एरवी खपत नाही. त्या वयाच्या बाईला काय बोलायचे?

निघताना सर्वांनी गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत केली. अनावश्यक होते.

१९ मार्च

आज एका गोष्टीचा छडा लावायचे ठरवले होते. बसचालक बाईला दहाची वेळ दिली आणि मी स्वतः पावणेदहाला खाली मुख्य दाराशी, खांबाआड उभी राहिले. उशीर रंगेहाथ पकडावा हा हेतू.

ती वेळेआधी आली. दारावरच्या रखवालदाराने तिला हाताने डावीकडे वळवले. ती न बोलता वळली. मी मागे गेले. इमारतीला वळसा घालून, मळक्या कपड्यांच्या ढकलगाड्या ओलांडून, ती सामानाच्या दाराने आत शिरली. तिथे एक बाक आहे. मी या इमारतीत इतकी वर्षे आहे. तो बाक मी पहिल्यांदा पाहिला. त्यावर आधीच तिघे बसले होते, तिघेही पलीकडचे. चिठ्ठ्या वाटणारा कारकून समोरच्या दालनातले सगळे रुग्ण संपले की तिकडे जातो.

मी कारकुनाला विचारले, "हा नियम कुणाचा?"

"नियम असा नाही, मॅडम. पद्धत आहे. पुढं बसले की बाकीचे कुरकुर करतात."

"कोण कुरकुर करते?"

"आता तसं कुणी नाही. म्हणजे पूर्वी करत असतील. तुमच्याच विभागाची पद्धत आहे, आम्ही फक्त चालवतो."

"मला कुणी सांगितले नाही."

"तुम्ही कधी खाली उतरत नाही ना," तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नव्हे, माहिती द्यावी तसा.

बाक मी उचलायला लावला. कारकुनाने एक टोक धरले, दुसरे मी. मुख्य दालनात, खिडकीशी, ठेवला. रखवालदाराला सांगितले की या इमारतीला रुग्णांसाठी एकच दार आहे, आणि दुसरे कुणी दाखवले तर त्याला मी जिन्याने वरपर्यंत चालत आणीन, रोज. दालनात खरोखरच एक गृहस्थ कुरकुरले. त्यांचे नाक मीच केलेले आहे. ते नाक आमच्याकडे कोणत्या अवस्थेत आले होते, याची मी त्यांना सर्वांसमक्ष आठवण दिली. हे व्यवसायाच्या शिस्तीत बसत नाही. नोंद करून ठेवते.

बसचालक बाई खोलीत आल्यावर एवढेच म्हणाली, "सांगितलं होतं ना, दारांना विचारा म्हणून."

२८ मार्च

दुसरा कान दिला. माझ्या आयुष्यातले सर्वांत सूक्ष्म रंगकाम आहे हे. सात पातळ थर, शिरांसाठी तांबड्या रेशमाचा चुरा, कडेला किंचित पारदर्शकता. डाव्या कानाशेजारी धरला तर मलाही क्षणभर फरक सांगता आला नाही. सहायकाने भिंग लावून पाहिले आणि मान डोलावली. तो सहसा मान डोलावत नाही.

तिने लावला. दोन्ही बाजूंनी पाहिला.

"सुंदर आहे," म्हणाली.

मी वाट पाहत राहिले.

"पण माझा नाही वाटत."

"काय चुकले?"

"ते मला कुठं कळतंय? तुम्ही डॉक्टरीण. पाहुण्याचा कान वाटतो. येऊन बसलाय, जाईल."

मला संताप आला. कारण सांगता येत नसेल तर नापसंती दाखवू नये, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी शिकवते. तिला तसे बोललेही. ती म्हणाली, "रागावू नका. चालवून घेईन की." तेच जास्त लागले. चालवून घेण्यासाठी मी काहीही करत नाही.

कान घेऊन गेली. रुमाल वरून बांधला.

३० मार्च

ताईशी भांडण. कारण क्षुल्लक, लिहिण्याजोगे नाही. ताई म्हणाली, "तुझ्या कामाला कुणीतरी पहिल्यांदा नाही म्हणालं, म्हणून चमच्यांची आदळआपट चाललीय. जा, तिच्या गाडीत बसून ये. तू तिला तुझ्या खुर्चीत बसवून पाहिलंस फक्त."

२ एप्रिल

ताईच्या सांगण्यावरून नव्हे, तर तसेही त्या बाजूला काम होते म्हणून, दुपारी तिच्या बसमध्ये चढले. चालकाच्या मागचे, कडेचे आसन मिळाले. तिने आरशातून पाहिले, भुवई उडवली, गाडी काढली.

बस ती उत्तम चालवते. वळणावर उभ्या माणसाचा तोल जात नाही. शिव्या देते, पण काच बंद करून.

दक्षिणेकडचा रस्ता लागला तसे पश्चिमेचे ऊन तिच्या खिडकीतून आत आले आणि तिच्या उजव्या गालावर, मानेवर, रुमालाच्या कडेवर पडून राहिले. पुढे वळण नाही. ऊन हलत नाही. मी पाहत होते. तिचा उजवा गाल डाव्याहून गडद आहे. जेमतेम नव्हे, स्पष्ट गडद. मान तशीच, आणि तांबूस झाक अधिक. वर्षानुवर्षे रोज याच बाजूने ऊन खाल्लेला चेहरा, आणि त्या चेहऱ्याला मी सावलीतल्या डाव्या कानाचा रंग चिकटवला.

जोडीचा अवयव हेच प्रमाण.

आता खरी गोष्ट लिहिते. उन्हात काम करणारा गोरा रुग्ण आला, की मी पहिला प्रश्न विचारते: दिवसातले किती तास उघड्यावर असता? मग त्याला उन्हाळी आणि हिवाळी असे दोन अवयव देते. हा प्रश्न मी तिला विचारला नाही. विचार मनात येऊन राहून गेला असेही नाही, आलाच नाही. काळ्या वर्णावर ऊन चढत नाही, असे मी धरून चालले होते. हे मला कुणी शिकवले नाही. शिकवले असते तर मी तपासून पाहिले असते.

शेवटच्या थांब्यावर मी तिला म्हणाले, "कान परत द्या."

"का? सवय होतेय मला."

"सवय करायची नाही. ते माझ्याकडे चालत नाही."

तिने रुमाल सोडला आणि कान काढून माझ्या हातावर ठेवला.

१७ एप्रिल

तिसरा कान. म्हणजे तिसरा आणि चौथा: एक उन्हाळी, एक हिवाळी. रंग बसच्या खिडकीशी बसूनच मिसळले, डेपोत, गाडी उभी असताना. इतर चालक भोवती जमले आणि सल्ले देऊ लागले. एकाने माझ्या पेटीकडे पाहून विचारले, "गाडीला हाच रंग मारणार का?" मी त्याला खाली उतरवले. बसचालक बाईने त्याला परत वर घेतले: "असू द्या, गरीब आहे, विनोदही गरीब आहेत."

उन्हाळी कान लावला. पाहिले. हसली नाही. रुमालाची घडी केली आणि तो आसनाखाली टाकला.

मला या क्षणाचे वर्णन करता येईल, पण आवश्यकता नाही.

दुसऱ्या सहायकाच्या रिकाम्या जागेची सूचना डेपोत आणि त्यांच्या गल्लीत लावून आले. आजवर आम्ही ती फक्त महाविद्यालयाच्या फळ्यावर लावत होतो. ताईने विचारले, "मग अर्ज कुठून येणार होते गं?"

२९ एप्रिल

तपासणी. मला बोलावणे नव्हते. कृत्रिम अवयवाविषयी तांत्रिक प्रश्न निघू शकतात म्हणून गेले.

कंपनीचे साहेब सभ्य आहेत. मला खुर्ची दिली. बसचालक बाई उभी होती, म्हणून मीही बसले नाही. मग तिलाही खुर्ची आली. साहेबांनी तिला मान इकडे-तिकडे वळवायला सांगितली आणि डाव्या कानाकडे बोट केले. "छान झालाय. तरी जरा फिक्का वाटतो, जवळून."

"तो आईनं दिलाय, साहेब," ती म्हणाली.

मी खिडकीबाहेर पाहिले. चेहरा गंभीर ठेवायला वेळ लागला.

साहेब ओशाळले, हसले, कागदावर सही केली. काम संपले असे मला वाटले. तेव्हा ते म्हणाले, "आता मार्गाचं. शहरातल्या मार्गापेक्षा तुम्हाला गोदामांकडचा देऊ. तिकडे तुमचीच माणसं असतात. तुम्हालाही मोकळं वाटेल."

ती म्हणाली, "मला शहरात मोकळंच वाटतं, साहेब."

"प्रवाशांच्या तक्रारी होत्या ना."

"त्या कानाच्या होत्या," मी म्हणाले. "तो प्रश्न मिटला आहे."

साहेबांनी माझ्याकडे वळून आवाज खाली आणला, घरच्या माणसाशी बोलावे तसा. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हाला कळतं."

अडीच महिने मी एक कान करत होते. आणि हा माणूस शांतपणे सांगत होता, की कानाचा प्रश्न कधी नव्हताच.

मी म्हणाले, "मला कळत नाही. स्पष्ट सांगितल्याशिवाय मला काहीच कळत नाही, अशी माझी ख्याती आहे. तुम्ही कागद घ्या आणि लिहा: या चालकाचे काम निर्दोष असून, केवळ वर्णामुळे तिला शहरातला मार्ग नाकारण्यात येत आहे. खाली सही करा. शुद्धलेखन मी तपासून देते."

साहेबांनी कागद घेतला नाही. मी उभीच होते आणि मला घाई नव्हती.

बसचालक बाईने विचारले, "साहेब, उद्या सुट्टी धरते. परवा पहिली फेरी कितीची?"

सही केलेला कागद तिच्याकडे सरकवत ते म्हणाले, "नेहमीचीच."

जिना उतरताना ती माझ्यावर चिडलेली होती. "मला मध्ये बोलू द्यायचं ना. मीसुद्धा बोलणारच होते."

"काय बोलणार होतात?"

"तेच. पण ते शुद्धलेखन नसतं सुचलं." आणि मग माझा हात धरून, पायरीवरच थांबून, ती पहिल्या कानाच्या दिवसासारखी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मी केवळ मुद्द्याची अचूकता पाहत होते. ताईला तसे सांगितले. ताईने काहीच टोमणा मारला नाही, यावरून तिला बरे नसावे.

१ मे

रजा घेतली. कारण दिले नाही. सकाळच्या पहिल्या फेरीला बसले, शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि त्याच गाडीने परत आले. वाटेत शाळेची मुले चढली, त्यांनी दप्तरे माझ्या मांडीवर ठेवली आणि विसरली. एका आजोबांना सुटे पैसे सापडेनात, तर सगळी बस खिसे चाचपू लागली. दवाखान्यासमोरचा सिग्नल खरोखरच रुसका आहे. आम्ही दोघींनी मिळून त्याला नावे ठेवली. बाजारापाशी आलो तेव्हा तिने आरशातून विचारले, "दमलात का?" मी म्हणाले, नाही.

घरी आले तर ताई दारातच. "कान कसा दिसत होता गं चालत्या गाडीत?"

मी चपला काढताना थांबले. इतका वेळ तिच्या अगदी मागे बसले होते.

"पाहायचा राहिला," मी म्हणाले.